धुळपाटी, कांचपाटी आणि मुलांचा डाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं भंडारा जिल्ह्यांतील गांवोगांवच्या रस्त्यांवरून एक निराळीच मिरवणूक निघते. आदल्या दिवशीं मोठ्यांचे बैल सजून तोरणाखालीं उभे राहिलेले असतात. आज पाळी मुलांच्या बैलांची असते. हे बैल लाकडाचे. पायांखालीं लहान चाकें, शिंगांना बेगड, गळ्यांत घुंगरांची माळ, पाठीवर चिमुकली झूल. आणि दोरीनें ते ओढीत मुलें घरोघर जातात, तेव्हां घरची बाई बैलाला कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर बोजारा म्हणून चार पैसे ठेवते. ह्या सणास तान्हा पोळा म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत तो रूढ झाला असें परंपरा सांगते, आणि भंडारा हा त्याच राज्याचा मुलूख होता.

ह्या लाकडी बैलांत बालशिक्षणाचें एक जुनें सूत्र दडलेलें आहे. ज्या साधनावर मोठीं माणसें पोट भरतात, तें साधन मुलांच्या हातीं प्रथम खेळणें होऊन येतें. शेतकऱ्याचा मुलगा खऱ्या बैलाआधीं लाकडी बैल हांकतो. आंधळगांवच्या विणकराचें मूल कोशाचें कापड विणण्याआधीं रिकाम्या कांडीशीं खेळतें. पितळेच्या कामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या भंडारा शहरांत कारागिराचें मूल हातोडीचा ठोका कानानें ओळखूं लागतें, तें भांडें घडविण्याच्या कितीतरी आधीं. खेळणें आणि हत्यार ह्यांच्यामधील रेषा मुलाच्या जगांत फार पुसट असते.

गेल्या कांहीं दशकांत मोठ्या माणसांच्या हातांतील साधनच पालटलें. धानाच्या बांधींत ट्रॅक्टर फिरूं लागला आणि धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशांत मोबाईल आला. धानाचा भाव, पावसाचा अंदाज, बँकेंतील शिल्लक, मुंबई-पुण्यास गेलेल्या मुलाचा आवाज, हें सारें त्या हाताएवढ्या कांचेंत मावूं लागलें. मुलांनीं त्या कांचेचेंही खेळणें करावें यांत नवल तें काय! नवल असेल तर तें दुसऱ्याच गोष्टीचें आहे. लाकडी बैल मुलाला चार घरीं घेऊन जात असे. ही कांच कधीं चार घरचीं मुलें एकत्र आणते, तर कधीं एका मुलाला चार भिंतींत एकटें बसविते. असें कां व्हावें, ह्याचा उलगडा यंत्राच्या पोटांत शोधून सांपडत नाहीं. तो मुलांच्या साधनांच्या इतिहासांत शोधावा लागतो.

त्या इतिहासाचा आरंभ धुळींतच होतो. पंतोजींच्या शाळेंत मुलांच्या वाट्याला कागद येत नसे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तिच्यावर बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, आणि हात फिरविला कीं पाटी पुन्हां कोरी. चुकीची खूण मागें राहत नसे. शिवाय पंतोजी एक आणि मुलें अनेक. तेव्हां पुढच्या मुलानें मागच्यास अक्षर वळवून द्यावें, हा तेथील रोजचा व्यवहार होता. १७८९ सालीं मद्रास येथील अनाथ मुलांच्या आश्रमाचा कारभार अँड्र्यू बेल नांवाच्या एका स्कॉटिश पाद्र्याकडे आला. त्यानें एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवीत असतांना पाहिलीं आणि ती रीत आपल्या आश्रमांत आणली. मोठीं मुलें लहानांस शिकवूं लागलीं. ह्या प्रयोगाची हकीकत त्यानें १७९७ सालीं लंडनमध्यें छापली, आणि पुढें इंग्लंडांतील गरीब मुलांच्या असंख्य शाळा ह्या 'मद्रास पद्धती'नें चालल्या. हिंदुस्थानच्या धुळींतून उचललेली गोष्ट विलायतेंत सुधारणा म्हणून गाजली.

१८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांताची रचना झाली, आणि सरकारी शाळांचा पसारा भंडाऱ्याकडेही वाढूं लागला. धुळपाटी जाऊन दगडी पाटी आली. ही पाटी ज्याची त्याची वेगळी. तरीही शेजारच्याच्या पाटींत डोकावण्याची मुलांची खोड कोणत्याही मास्तरास मोडतां आली नाहीं. पुढें १९५६ सालीं हा जिल्हा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि १ मे १९६२ रोजीं राज्यांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हातीं गेल्या. आज भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी ह्या सात तालुक्यांतील खेड्यांत मुलाची यंत्राशीं ओळख होते, ती पुष्कळदां ह्याच शाळांच्या ओसरीवर.

पण मास्तरांवांचून बोलणारें पहिलें यंत्र ह्या मुलुखांत आलें तें शाळेच्या दारानें नव्हे. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. रेडिओ ही त्या काळीं थोड्यांच्या घरची वस्तु होती, आणि म्हणूनच ती अनेकांची झाली. ज्या ओट्यावर रेडिओ, त्या ओट्याभोंवतीं गांव जमे. मुलें पायरीवर बसत. तो आवाज कोठून येतो ह्याविषयीं त्यांचे तर्क चालत, आणि जें ऐकलें त्याची नक्कल दुसऱ्या दिवशीं वडाखालीं होई. रेडिओला मुलाचा प्रश्न ऐकूं येत नसे, ही त्याची मर्यादा. पण प्रश्न विचारण्यास शेजारी दुसरें मूल बसलेलें असे, हें त्या मर्यादेचें औषध होतें.

दूरचित्रवाणीची कथा ह्या जिल्ह्याच्या अगदीं वेशीपाशीं घडली. नागपुराहून कलकत्त्याकडे जाणारी आगगाडी वरठीचें भंडारा रोड स्टेशन आणि पुढें तुमसर रोड मागें टाकून दुर्ग व रायपूर गांठते. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर भारत सरकारनें अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत चित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग केला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण तेव्हां मध्यप्रदेशांत असलेल्या रायपूर, बिलासपूर व दुर्ग ह्या भागांतील खेडीं होतीं. तारेच्या जाळीच्या मोठाल्या थाळ्या उभारल्या गेल्या. सकाळीं शाळेच्या मुलांसाठीं कार्यक्रम होई, संध्याकाळीं मोठ्यांसाठीं. एका गांवास एक संच, आणि त्यापुढें जमिनीवर बसलेलें सारें गांव, असें त्या वर्षाचें चित्र होतें. वर्ष संपलें आणि उपग्रह दुसरीकडे वळविण्यांत आला. बाहेरून आलेलें साधन बाहेरच्यांच्या इच्छेनें जातें, हा धडा त्या प्रयोगानें शिकविला. तो पुढें पुन्हां पुन्हां गिरवावा लागला.

रेडिओ आणि चित्रवाणी ह्यांच्यापुढें मूल ऐकणारें व पाहणारें होतें. संगणकानें त्याला करणारें केलें. १९६७ सालीं अमेरिकेंत सेमूर पॅपर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं मुलांसाठीं 'लोगो' नांवाची एक संगणकभाषा रचली. तिच्यांत एक कासव असे. इतकें पुढें जा, इतकें वळ, अशा आज्ञा मुलानें द्यावयाच्या आणि कासवानें रेघ ओढीत जावयाचें. चौकोन हुकला तर कासवाचा दोष नाहीं, आज्ञेचा दोष आहे. ती सुधारून पुन्हां द्यावयाची. यंत्रानें मुलाला शिकविण्याऐवजीं मुलानें यंत्राला शिकवावें, हा पॅपर्टचा विचार होता. विचार करून पाहिलें तर ही धुळपाटीच होती: चूक पुसतां येणारी आणि म्हणूनच चुकण्याचें धैर्य देणारी. भारतांत १९८४ सालीं सरकारनें निवडक २५० शाळांत विलायती बनावटीचे 'बी. बी. सी. मायक्रो' संगणक देऊन शालेय संगणक-साक्षरतेचा आरंभ केला. परंतु संगणकाच्या खोलीला कुलूप, वर्गाच्या वांट्याला आठवड्याचा एखादा तास, आणि बोट लागलें तर यंत्र बिघडेल ही धास्ती, अशी पुष्कळ शाळांची स्थिति पुढेंही बरींच वर्षें राहिली. पुसतां येणारी पाटी मुलांपासून जपून ठेवण्यांत आली.

ह्या धास्तीवर सर्वांत मोठा आघात केला तो भिंतींतल्या एका भोकानें. २६ जानेवारी १९९९ रोजीं दिल्लींतील कालकाजी भागांत सुगत मित्र ह्या संशोधकानें आपल्या संस्थेच्या कचेरीच्या भिंतीस भोक पाडून त्यांत एक संगणक बसविला. भिंतीपलीकडे झोपडपट्टी होती. कोणी शिक्षक नाहीं, कसली सूचना नाहीं. मुलें आलीं, बोटें फिरलीं, आणि थोड्याच दिवसांत तीं तें यंत्र चालवूं लागलीं. पडद्यावर फिरणाऱ्या बाणास त्यांनीं 'सुई' म्हटलें, आणि यंत्र कामांत गुंतलें असतां दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळास 'डमरू' म्हटलें. इंग्रजी नांव ठाऊक नसल्यानें त्यांचें कांहीं अडलें नाहीं. ओळखीच्या वस्तूचें नांव अनोळखी वस्तूस देणें, ही भाषा घडविण्याची सर्वांत जुनी रीत मुलांना उपजतच येते. पुढें देशांत अनेक ठिकाणीं, महाराष्ट्रांतील सिंधुदुर्ग जिल्ह्यांतसुद्धां, अशीं यंत्रें बसविण्यांत आलीं. २०१३ सालीं मित्र ह्यांच्या कार्यास अमेरिकेंतील दहा लक्ष डॉलरांचें टेड पारितोषिक मिळालें.

ह्या कथेला दुसरी बाजूही आहे. पायल अरोरा ह्या संशोधिकेनें हिमालयाच्या पायथ्याकडील अल्मोडा व हवालबाग येथें असल्या यंत्रांचा मागोवा घेतला, आणि २०१० सालीं तिनें लिहिलें कीं तीं यंत्रें कधींच बंद पडलेलीं असून लोकांना त्यांची फारशी आठवणही उरलेली नाहीं. इतर निरीक्षकांनीं आणखी एक गोष्ट पाहिली. भिंतीपुढें गर्दी झाली कीं दांडगीं मुलें पुढें घुसत आणि मुली व लहान मुलें मागें राहत. मुलें एकमेकांस शिकवितात हें खरें. पण मुलें एकमेकांस ढकलतात हेंही तितकेंच खरें. भिंतींत भोक पाडून यंत्र ठेवतां येतें; त्या भोकापुढें कोणाची पाळी केव्हां, हें ठरविणारें कोणीतरी लागतें.

त्यानंतरचा प्रयोग उलट टोकाचा होता. भिंतींत एक यंत्र ठेवण्याऐवजीं प्रत्येक मुलाच्या हातीं एक यंत्र द्यावें, असा. २००७ सालीं रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतील खैराट ह्या धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेंत अमेरिकेहून आलेले हिरवे-पांढरे चिमुकले संगणक मुलांना देण्यांत आले. भारतांतील ह्या योजनेचा हा पहिला प्रयोग. मुलें ते संगणक घरीं नेत, चित्रें काढीत, छायाचित्रें घेत. त्या यंत्रांची रचनाच अशी होती कीं जवळपासचीं यंत्रें एकमेकांशीं जोडलीं जात. कारण योजना करणाऱ्यांनाही मूल एकटें बसावें अशी इच्छा नव्हती. पण देशानें ती योजना सरसकट स्वीकारली नाहीं, आणि प्रत्येक मुलास संगणक हें स्वप्न खैराटच्या टेकडीवरून फार दूर गेलें नाहीं.

मग महाराष्ट्रांतील खेड्यांत संगणकयुग आलें कसें? तें आलें मास्तरांच्या खटपटीनें आणि गांवाच्या वर्गणीनें. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें २०१० नंतरच्या वर्षांत सौरऊर्जेच्या आधारें वर्गांत पडदा आणि टॅब्लेट आणले, आणि ती पाहावयास दूरदूरचे शिक्षक येऊं लागले. २२ जून २०१५ रोजीं राज्य शासनानें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा निर्णय काढला, आणि त्या वाऱ्यावर 'डिजिटल शाळा' हा शब्द खेडोपाडीं पोंचला. भंडारा जिल्ह्यांतही ह्या काळांत शाळांनीं गांवाकडे हात पसरला. कोणी वर्गणी दिली, कोणी श्रम दिले, आणि फळ्याशेजारीं पडदा लागला. लाखनी तालुक्यांतील खराशीची शाळा तर गांवाच्या सहभागामुळेंच जिल्ह्याबाहेर नांवाजली गेली. ज्या पूर्व विदर्भांत पूर्वजांनीं गांवासाठीं तलाव खोदले आणि त्यांचें पाणी पाळीपाळीनें बांध्यांत सोडलें, तेथें गांवानें शाळेसाठीं यंत्र विकत घ्यावें, हें परंपरेला धरूनच झालें.

ह्या शाळांतील दृश्य ओळखीचें होतें. यंत्र एक, मुलें तीस. टॅब्लेट दोन असले तर एकाभोंवतीं पंधरा डोकीं. एकानें बोट फिरवावें, दुसऱ्यानें 'तसें नाहीं, असें' म्हणावें, तिसऱ्यानें मागून उत्तर ओरडावें. धुळपाटीचा व्यवहार कांचपाटीवर पुन्हां सुरू झाला. अडचणीही नव्या नव्हत्या. वीजबिल भरावयास पैसा नसल्यानें राज्यांतील कितीतरी शाळांची वीज तोडली गेली, आणि वर्गणीनें आणलेला पडदा काळा होऊन भिंतीवर लटकत राहिला. साधन आणण्यास उत्साह पुरतो; तें चालतें ठेवण्यास दरमहा पैसा लागतो.

ह्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनीं पाठ्यपुस्तकाच्या पानावर काळे-पांढरे चौकोनी संकेत छापून त्यांच्यामागें पाठांचीं चित्रें व ध्वनि ठेवले. मोबाईल त्या चौकोनापुढें धरला कीं धडा बोलूं लागे. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे संकेत सर्रास छापले जाऊं लागले. ३ डिसेंबर २०२० रोजीं डिसले ह्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. ह्या उदारपणाचें कौतुक जगभर झालें. त्यांत आपल्या विषयास लागू पडणारी एक खूण आहे. आपला डाव जिंकल्यावरही दुसऱ्यास डाव द्यावा, हें शिक्षकाच्या अंगीं मुरलेलें होतें.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि शाळेच्या पडद्यावरील यंत्र घरोघर पोंचलें. भारताच्या ग्रामीण भागांत शाळकरी मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन होता अशांचें प्रमाण २०१८ सालीं शेंकडा ३६.५ होतें, २०२१ सालीं तें ६७.६ झालें. 'प्रथम' ह्या संस्थेच्या 'असर' पाहणींतील हे आंकडे आहेत. मधल्या वर्षांत जें घडलें त्यानें ह्या आंकड्यांना एक करुण अर्थ आला.

मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळांना कुलुपें लागलीं. महाराष्ट्राच्या खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हां उघडण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडला. मुलांच्या आयुष्यांतील वीस महिने! 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली, आणि शिक्षण म्हणजे मोबाईलवर येणारा अभ्यास असें समीकरण बनलें. आता भंडाऱ्याच्या खेड्यांतील आषाढ डोळ्यांपुढें आणावा. पाऊस लागला आहे, पऱ्हे उपटून रोवणी चालू आहे, आईबाप दोघेही सकाळपासून चिखलांत उभीं आहेत. घरांत फोन एक, आणि तो बापाच्या खिशांत. अभ्यास सकाळीं येतो. फोन संध्याकाळीं घरीं येतो, तेव्हां त्याची बॅटरी संपलेली असते. दोन भावंडें असलीं तर पहिला हक्क मोठ्याचा, आणि पुष्कळ घरीं मुलाचा. मुलीचा डाव येतो तोंवर रात्र होते. 'असर'च्या २०२१ च्या पाहणींत असें दिसलें कीं घरीं स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकींही शेंकडा २६ मुलांच्या हातीं तो अभ्यासासाठीं पडतच नव्हता. ज्यांच्या घरीं तो नव्हताच, त्यांची गोष्ट निराळी सांगावयास नको. शाळेंत एका पडद्यापुढें बसणारीं तीस मुलें एका दिवसांत तीस निरनिराळ्या घरांत विखुरलीं, आणि जें साधन त्यांना जोडीत होतें त्यानेंच त्यांच्यांत भिंत घातली.

अशा वेळीं एक म्हातारें यंत्र मदतीस धांवून आलें. २०२० सालच्या उन्हाळ्यांत नागपूरच्या विभागीय आयुक्तांचें कार्यालय व 'प्रथम' ह्यांनीं मिळून आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू केला. भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर ह्या सहाही जिल्ह्यांतील मुलांसाठीं तो होता. घरांतील वस्तू घेऊन करावयाचे खेळ, गणितें, गोष्टी, असें त्याचें स्वरूप होतें. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिकाही सुरू झाली. १९४८ सालीं ज्या केंद्रानें ह्या मुलुखांतील मुलांना पहिला परका आवाज ऐकविला, त्याच केंद्रास बहात्तर वर्षांनंतर पुन्हां त्यांच्या ओसरीवर यावें लागलें. नव्या यंत्रापुढें जुनें हरलें असें समजणाऱ्यांना हा एक विनम्र करणारा प्रसंग होता. रेडिओ कांहीं मोबाईलहून शहाणा नाहीं. त्याचा गुण एवढाच कीं तो ओट्यावर ठेवला तर दहा घरच्या मुलांना एकदम ऐकूं येतो. एकाच्या कानांतून तो दुसऱ्याच्या कानापासून हिरावून घेतां येत नाहीं.

साथ ओसरली, शाळा भरल्या, पण मोबाईल मुलांच्या हातून सुटला नाहीं. खेळ आणि शिक्षण ह्यांचा जुना शेजार आतां त्या कांचेंत वाद घालूं लागला. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ ॲपांवर बंदी घातली, तींत मुलांना वेड लावणारा 'पब्जी' हा बंदुकीचा खेळही होता. पुढें तो दुसऱ्या नांवानें परत आला. २०२४ सालच्या 'असर' पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८२ मुलांना स्मार्टफोन वापरतां येत होता. त्यांपैकीं ५७ जणांनीं मागील आठवड्यांत तो अभ्यासाच्या कांहीं कामासाठीं वापरला होता, आणि ७६ जणांनीं समाजमाध्यमांसाठीं. आदल्या वर्षाच्या पाहणींतील आंकडा ह्याहूनही बोलका आहे. १४ ते १८ वर्षांच्या, फोन वापरतां येणाऱ्या मुलांत शेंकडा ४३.७ जणांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींत शेंकडा १९.८ जणींजवळ.

ह्या आंकड्यांवरून यंत्र वाईट असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, आणि चुकीचें आहे. ज्या मुलांनीं घड्याळाला डमरू म्हटलें तीं यंत्रापुढेंच बसलीं होतीं. पण तीं एकमेकांशेजारीं बसलीं होतीं, म्हणून त्या शब्दाची भाषा झाली. एकट्या मुलाला वस्तूस नांव ठेवण्याची गरज पडत नाहीं. कारण तें नांव ऐकावयास कोणी नसतें. झाडीपट्टीच्या मुलांची बोली अशीच कितीएक पिढ्यांच्या सोबतींतून घडली. कांचेंतून येणारा आवाज नागपूरचा असो, मुंबईचा असो कीं परदेशचा, तो शेजारच्या मुलाच्या तोंडून पुन्हां ऐकला गेला कीं आपला होतो.

मुलांच्या जुन्या खेळांत एक कायदा आहे, आणि तो कोणत्याही सरकारनें केलेला नाहीं. विटीदांडू असो, बिल्लस असो कीं झाडावर चढून खेळावयाची डाबडुबली असो, प्रत्येकाचा डाव येतो. जो बाद झाला त्यानें दांडू खालीं ठेवावयाचा. तो घरीं घेऊन पळाला तर दुसऱ्या दिवशीं त्याला कोणी खेळांत घेत नाहीं. दांडू कोणाच्या मालकीचा हा प्रश्न रिंगणांत शिरतांच गळून पडतो. धुळपाटीच्या शाळेनें हाच कायदा अक्षरांना लावला होता. भिंतींतल्या संगणकापुढें तो मोडला, तेव्हां मुली मागें राहिल्या. गांवाच्या वर्गणीनें आलेल्या पडद्यापुढें मास्तरांनीं तो राखला, तेव्हां यंत्र एक असूनही तीसजण शिकलीं. साथीच्या वर्षांत तो पाळणारें कोणी उरलें नाहीं, तेव्हां यंत्रें लाखोंनीं वाढूनही मुलें मागें पडलीं.

म्हणून खेड्यांतील शाळेचें महत्त्व मोबाईलनें कमी झालें नाहीं, उलट वाढलें आहे. ज्ञान पूर्वी शाळेंत मिळे आणि घरीं मिळत नसे. आतां तें घरींही मिळतें, पण प्रत्येकाच्या घरीं मिळत नाहीं, आणि घरांतल्या प्रत्येकालाही मिळत नाहीं. डाव सर्वांना मिळेल अशी खात्री देणारी जागा गांवांत फारशी उरलेली नाहीं. जेथें अशी शाळा पट कमी म्हणून बंद होते, तेथें मुलें दुसऱ्या गांवच्या शाळेंत जातीलही. पण त्या ओसरीवरचें रिंगण मोडतें.

तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकींत नीट पाहिलें तर एखादें मूल असें दिसतें कीं ज्याच्याजवळ बैल नाहीं. तें घरीं बसत नाहीं. शेजारच्याच्या बैलाची दोरी धरून तें चालूं लागतें. थोड्या वेळानें बैल कोणाचा हें पाहणाऱ्यास ओळखूं येत नाहीं, आणि दारांत उभी असलेली बाई बोजारा दोघांच्याही हातावर ठेवते.